सुषमा जिंकते ते पान

आपा,
मी खांडबाऱ्याला सुषमाच्या घरी चाललेय. डाळ झाकून ठेवलीय. अम्मीला म्हणावं, वाट बघू नको.

आमच्या ज्युदो टीमवरच्या माझ्या चित्रकथेत सुषमा वजनगटात बसायला दोन दिवस पाणीही पीत नाही आणि फायनल जिंकते. मी ते मनानेच रचलं होतं. तिने खरंच तसं केलं. काल वजनकाट्यावर चढताना मला म्हणाली, "तुन्ही वहीमा तं मी जिकेल शे." उतरली आणि कोसळली. दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही.

तिच्या आईने, पारुबाईंनी, वही मागितलीय. त्यांना वाचता येत नाही. चित्रांखालचं मलाच वाचून दाखवावं लागेल.

ती पाणी पीत नाही ते पान मी फाडणार होते. पण त्याच्याच पाठीवर ती पदक घालून हसतेय.

लायबा