समाजमंदिरातला आमचा संसार

मु. लासुर्ण्याजवळची वस्ती

आदरणीय जोतीरामतात्यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे रावजीचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टर म्हणतात जिना चढू नका आणि तुम्ही बारामतीत घर घेतलं तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा बहुतेक खाली पारावरच मुक्काम असेल. वहिनींनाही नमस्कार. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनला आडोसा लागतो, आणि सध्या आमच्याकडे सगळं आहे, फक्त आडोसा नाही.

तुमच्या बहिणीच्या, द्वारकेच्या नावावर घरकुल मंजूर झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. जुनं पत्र्याचं घर पाडल्याशिवाय नव्याला जागा होईना, म्हणून सरपंच म्हणाले, काम होईपर्यंत समाजमंदिरात राहा. (तेही सरकारनंच बांधून दिलेलं, म्हणजे आम्ही दोन्हीकडून सरकारचे पाहुणे.) मोठा हॉल, गुळगुळीत फरशी, चार पंखे. मला वाटलं राजवाडा मिळाला. पण राजवाड्यात दरबार भरतो हे ध्यानात आलं नाही. पहिल्याच आठवड्यात मी अंघोळ करून पंचा गुंडाळून बाहेर आलो, तर समोर बचत गटाची बैठक. छबूबाई अध्यक्षस्थानी. द्वारका नेमकी भवानीनगरला बाजाराला गेलेली आणि माझे कपडे बायकांच्या पलीकडे दोरीवर. मी खुर्च्यांच्या चळतीमागे बसलो तो सभा उठेपर्यंत. कोणाची सून कोणाशी का बोलत नाही, हे सगळं कानावर पडलं. रात्री ते द्वारकेला सांगितलं, तर तिनं मला दुसरी भाकरी तव्यावरून गरम वाढली. (एरवी टोपल्यातली आपली आपण घ्यायची असते.)

मग पोलिओचे डोस झाले, ग्रामसभा झाली, उसावरच्या हुमणी किडीचं व्याख्यान झालं. व्याख्याते आमच्या गादीवर रेलून बोलले आणि सगळ्यांना चहा द्वारकेच्या चुलीवरचा. एका लग्नात तर कहर झाला. आम्ही आधीपासूनच आत बसलेलो पाहून नवऱ्याकडच्यांनी आम्हालाच मुलीचे चुलते-चुलती धरलं. मला टॉवेल-टोपी, द्वारकेला खण-नारळ. खरे चुलते रुसून ट्रॅक्टरवर जाऊन बसले. त्यांची समजूत काढायला मलाच जावं लागलं, आणि ती टोपी माझ्या डोक्यावरून त्यांच्या डोक्यावर गेली. टॉवेल मात्र मी दिला नाही.

आता मुद्दा. घर पुरं झालं आहे. स्लॅब, संडास, दारात नळ, सगळं ऐटीत. राहिला फक्त शेवटचा फोटो. ज्याच्या नावावर घर, त्यानं दारात उभं राहायचं, आणि घरकुलाचे इंजिनिअर अविराज यांनी मोबाइलमध्ये टिपायचं. त्याशिवाय शेवटचा हप्ता निघत नाही, आणि फोटो झाल्याशिवाय द्वारका इथून हलत नाही. ते पहिल्यांदा आले तेव्हा द्वारकेचं डोकं दुखत होतं. दुसऱ्यांदा आले तेव्हा ती छबूबाईबरोबर शेवया करत होती. तिसऱ्यांदा म्हणाली, ही साडी फोटोजोगी नाही. इकडे सारजाचंही घरकुल मंजूर आहे, आणि समाजमंदिरात राहायला आमच्यामागे तिचा नंबर आहे. बिचारीचं छप्पर उतरवायचं ते आमच्यापायी थांबलंय, आणि तोंडानं ती काही बोलत नाही, त्यानं मला जास्त लाज वाटते. द्वारका माझं ऐकत नाही, थोरल्या भावाचं ऐकेल. तेव्हा गुडघ्याला पट्टा बांधून का होईना, एकदा येऊन तिला समजवा.

आपला,
रावजी

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरंच झालं. काल मी धीर करून तिला कारण विचारलं. ती तांदूळ निवडत होती, वर न बघता म्हणाली, "मला घर नगं असं न्हाय. पर हितं तुमी बोलता. पोरगं चाकणला कामाला गेल्यापासनं तुमी घरात मुकं झाला हुता. तितं गेलं की परत भिंतीकडं बघत बसाल." तात्या, मी गप्प असतो हे खरं, पण सांगण्यासारखं काही घडायलाही नको का? असं मी मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणायला हवं होतं. मग म्हटलं, तिथंही बोलेन. ती उठली आणि तांदूळ तसाच ठेवून सारजाला सांगायला गेली.

ता. क. दुसरा. फोटो झाला, त्याच साडीत. आम्ही नव्या घरात आलो, त्यामुळे समजवायला येऊ नका. वेगळीच अडचण आहे. पहिल्या रात्री मी उसाचं बोललो, पावसाचं बोललो, आणि अर्ध्या भाकरीत विषय संपले. ती घास हातात धरून माझ्याकडे बघतेय. तेव्हा कृपा करून बारामतीच्या बातम्या पत्रानं पाठवत जा. भांडणाची असेल तर उत्तम, ती चार जेवणं पुरते.

ता. क. तिसरा. बातम्यांची तेवढी घाई नाही. काल काहीच सुचेना, म्हणून तिलाच विचारलं, लहानपणी तुमच्या घरी जेवताना कोण बोलायचं? इतक्या वर्षांत हे मी कधी विचारलं नव्हतं. भांडी घासून झाली, अंथरुणं पडली, तरी ती बोलतच होती. तुम्ही शाळा चुकवायला धान्याच्या कणगीत लपलात आणि तिथंच झोपलात, इथवर आलो आहोत. पुढचं मला कळवू नका. ते मला तिच्याकडूनच ऐकायचं आहे.