कोतवालाची सव्वीस पानं

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. इथे सगळं ठीक. वजनकाट्यांच्या दुरुस्तीचं काम मला जमतं, असं आता वस्तादही म्हणतात, फक्त म्हणताना दुसरीकडे बघतात. परवा एका किराणा दुकानाच्या काट्यात पन्नास ग्रॅमची चूक राहिली, तेव्हा मात्र सरळ माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं की लक्ष कुठे असतं. ते कुठे असतं हे सांगायलाच आज बसलोय.

तुझी बदली ज्या कला आणि सामाजिक शास्त्रांच्या विद्याशाखेत झाली, तिथे एक मुलगी पीएच.डी. करते. कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या मुलांचा अभ्यास. म्हणजे आमच्यासारख्या दिव्यांचा. कुणीतरी तिला माझा पत्ता दिला आणि ती तीनदा आली. माळ्यावर जुन्या वजनांच्या खोक्यावर बसते, रेकॉर्डर लावते, एक प्रश्न विचारते आणि मग गप्प राहते. उत्तर येईपर्यंत थांबते गं. माझ्या उत्तरासाठी आजवर कोण थांबलंय? तूही थांबत नाहीस, खरं सांग. मी तिचं नाव ‘प्रश्नवाली’ ठेवलंय. पहिल्या दिवशी तिने दोन पानी संमतीपत्र पुढे केलं, ते मी न वाचताच सही करून दिलं. डोळे कागदावर नव्हते.

तिला यातलं काही माहीत नाही. मी तुझा धाकटा भाऊ आहे, हेही तिला माहीत नाही. सोळा तारखेला तुमच्या परिसंवादात तिचं भाषण आहे. मला रजा मिळणार नाही. तू जा, आणि माझ्याबद्दल काही बोलली तर शब्दन् शब्द कळव.

भाऊजींना नमस्कार. तुझा हात डोक्यावर आहेच, तो उचलू नकोस.

तुझा
तडतड्या


१८ फेब्रुवारी

चि. तडतड्यास,
अनेक आशीर्वाद.

तर असं आहे होय. तरीच गेली दोन पत्रं मोठी येत होती.

आमच्या परिसंवाद-सप्ताहाची गंमत ऐक. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र, दोघांनीही एकच सभागृह एकाच वेळी मागितलं आणि मिळालंही, कारण दोन्ही अर्जांवर अधिष्ठात्यांनी सही केली होती. दोन्हीकडचे श्रोते एकत्र बसले. पाहुण्यांनी वीस मिनिटं भाषण केलं, तोवर कुणालाही आपण चुकीच्या कार्यक्रमात आलोय असं वाटलं नाही. इतिहासाच्या सरांचा प्रोजेक्टर शेवटपर्यंत उलटी चित्रं दाखवत होता. सर म्हणाले, मान वाकडी करा, इतिहास तसाच बघायचा असतो. या सगळ्या गोंधळात चहाचं बघणं माझ्याकडे होतं. त्यामुळे तुझ्या प्रश्नवालीचं भाषण मला शेवटची पाच मिनिटंच मिळालं.

मुलगी चांगली आहे. साधी, केस कसेही बांधलेले, पण बोलायला लागली की खोली शांत होते. मी आत गेले तेव्हा ती कुणा कोतवालाबद्दल सांगत होती. सांगता सांगता थांबली, पाणी प्यायली. म्हणाली, “प्रश्न मी बरेच विचारले, पण ऐकायचं कसं ते मला कोतवालाने शिकवलं.” डोळे भरले होते तिचे, हे मी मागच्या रांगेतून पाहिलं. तुझा उल्लेख मी होते तेवढ्यात तरी आला नाही. मी तुझ्यासाठी चार विभागांचे हजेरीपटही पाहिले, कोतवाल आडनावाचा कुणी सापडला नाही. बाहेरचा असेल.

मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे हे तुला दर पत्रात लिहायला हवं का?

ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाहेरचा असेल, म्हणे. एवढं लिहून तू शांतपणे जेवायला सांगतेस.

दोन दिवस हा कोतवाल माझ्या डोळ्यांपुढे उभा आहे. उंच असणार. शर्टाला इस्त्री असणार. कॉलेज सोडलं असेल तेही कसं झोकात, सगळे थांब थांब म्हणत असताना. माझ्यासारखं नाही. आणि बोलायला गोड असणार, नाहीतर तिच्या डोळ्यांत पाणी कशाला येतंय? माझ्यासमोर तीन बैठकांत तिने एकदाही डोळे पुसले नाहीत. तिसऱ्या वेळी मी तिला असं काही सांगितलं होतं जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती फक्त वहीत बघत बसली आणि रेकॉर्डर बंद करून म्हणाली, आज पुरे. मला वाटलं, ऐकून कंटाळली. आता कळलं, तिचं ऐकणं आधीच दुसरीकडे दिलेलं होतं.

आज एका सोनाराचा काटा दुरुस्तीला आला होता. एक केस ठेवला तरी हलतो असा. मी त्यावर श्वास सोडून बघत बसलो, वस्तादांनी तो हातातून काढून घेतला.

तर मी काय केलं ते ऐक. संमतीपत्राच्या दुसऱ्या पानाची प्रत माझ्याकडे आहे. तळाशी लिहिलंय की उत्तरदात्याला कधीही आपली मुलाखत परत घेता येईल. उत्तरदाता म्हणजे मी. मी काल तुमच्या नीती-समितीला अर्ज टाकला. माझी मुलाखत काढून टाका, टेप पुसा. कारणाच्या रकान्यात लिहिलं, “यांच्याकडे कोतवाल असताना माझी गरज काय?” तिला कळू दे. बसू दे आता त्या कोतवालाला घेऊन.

तू यात पडू नकोस. रागावलीस तरी माझीच राहा.

तडतड्या


२७ फेब्रुवारी

चि. तडतड्यास,
आशीर्वाद.

तुझा अर्ज चोवीस तारखेला सकाळी माझ्याच टेबलावर आला. तुझं अक्षर मी ओळखणार नाही का? पण आवक वहीत चढवणं हे माझं काम आहे. चढवला. एकदा चढलेल्या नोंदीवर खाडाखोड चालत नाही. दुपारी समितीपुढे गेला आणि मंजूर झाला.

त्याच दुपारी तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण पाच प्रतींसाठी माझ्याकडे आलं. सव्वीस पानं. मी कधी वाचत नाही, पण मशीन मध्येच अडकलं आणि अडकलेलं पान हातात आलं. त्यावर लिहिलं होतं: ‘कोतवाल सात महिने रोज सकाळी डबा आणि वह्या घेऊन घरातून निघत असे आणि बस स्टँडच्या प्रतीक्षालयात संध्याकाळपर्यंत बसत असे. कॉलेज सुटल्याचं घरी कळू नये म्हणून डबा धुऊन नेत असे.’

बाजूच्या बाईंनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, कागद गरम आहे.

अरे, सगळ्या नात्यात मी मिरवत होते की आमचा मुलगा कॉलेजातून डबा धुऊन आणतो.

आता नीट वाच. अशा अभ्यासात कुणाचंही खरं नाव लिहीत नाहीत. तिने सगळ्यांना पक्ष्यांची नावं दिली आहेत. एक टिटवी आहे, एक धनेश आहे. कोतवाल म्हणजे तो काळा, शेपटीला चिमटा असलेला, आपल्या दुप्पट पक्ष्याच्या अंगावर धावून जाणारा. संमतीपत्राच्या पहिल्या पानावर हे छापलेलं आहे. तू सही केलीस त्या पानावर.

ज्याचा तू एवढा दुस्वास केलास तो तूच आहेस आणि स्वतःच्या हाताने स्वतःला पुसून टाकलंस. चौथं प्रकरण परत घेतलंय. तिचा प्रबंध आता सहा महिने पुढे गेला.

मला तुझ्या कॉलेजचं दुःख नाही. दोन वर्षं तू मला सांगत आलास की काम करावंसं वाटलं म्हणून सोडलं, आणि मला खरं कळलं ते झेरॉक्सच्या मशीनवर. रागावले आहे. तरी दाराची कडी लावलेली नाही.

ताई


९ मार्च

स. न. वि. वि.

हे पत्र विद्याशाखेच्या कागदावर नाही, हे लक्षात आलं असेलच. तुमचे तिन्ही टेप पुसले, लिहून काढलेली पानं समितीसमोर फाडली. नियमाप्रमाणे तुम्हाला कळवणं भाग आहे. तुमचं मन वळवायला यायला मला परवानगी नव्हती, म्हणून आले नाही.

तुमचा अर्ज बैठकीत मोठ्याने वाचला गेला. अध्यक्षांनी मला विचारलं, हा कोतवाल कोण? मला सांगता येईना, कारण कोण कोणता पक्षी हे मी कुणालाच सांगू शकत नाही. सात माणसं माझ्याकडे बघत होती. एकजण म्हणाले, काहीतरी खासगी दिसतंय. माझ्या तीन वर्षांच्या कामाची ही शोभा.

त्या प्रकरणासाठी मी एक पावसाळा आणि दोन हिवाळे घालवले होते. तिसऱ्या भेटीनंतर बसमध्ये चढता आलं नाही मला. दोन बसेस सोडल्या. आणि त्याच प्रतीक्षालयात बसून राहिले. हे तुम्हाला तेव्हा सांगायची सोय नव्हती. उत्तरदात्याला असं काही सांगत नाहीत.

आता तुम्ही माझे उत्तरदाते नाही. त्यामुळे रागवायला मोकळी आहे, आणि मी खूप रागावले आहे. वीस तारखेला टिटवीला भेटायला तुमच्या गावी येते आहे. चार वाजता वर्कशॉपवर येईन. रेकॉर्डर आणणार नाही. प्रश्न या वेळी तुम्ही विचारायचे. मी उत्तर देईपर्यंत थांबता येतं का ते बघू.

कळावे. लोभाचं समोरासमोर ठरवू.

(सही)


१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं, तिचं मोजलं नाही. वस्तादांना वीस तारखेची अर्ध्या दिवसाची रजा मागितली. ते म्हणाले, घेऊन टाक, एरवीही तू कुठे हजर असतोस.

लाज वाटली हे लिहायची गरज नाही. सहा महिने कुणाचे घालवायचे तर माझे जायला हवे होते. पुन्हा मुलाखत द्यायची तयारी आहे, पण तसं केलं तर मी परत उत्तरदाता होईन आणि ती परत गप्प बसेल, म्हणून हे तिलाच ठरवू दे. आणि ही टिटवी बाई आहे की बाप्या, एवढं तुला कळलंय का? नाही, राहू दे. सांगू नकोस.

खरं सांगू? मला अजूनही कोतवालाचा हेवा वाटतो. त्याला सव्वीस पानं मिळाली. त्याच्यासाठी तिने दोन बसेस सोडल्या. तो माझ्यापेक्षा बरा होता, कारण तो खरं बोलला आणि मी दोन वर्षं तुझ्यासमोर बसून जेवलो, काही बोललो नाही. म्हणून आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस, थांब.

माझा निबंध सरांनी सगळ्या वर्गासमोर वाचला आणि म्हणाले, हा याने लिहिलेला असू शकत नाही. मी वही त्यांच्या टेबलावर आपटली. माफी माग म्हणाले. मी काही चोरलं नव्हतं, मग माफी कशाची? दुसऱ्या दिवशी निघालो तो कॉलेजकडेच, पण पाय स्टँडवर थांबले. साडेअकरालाच भूक लागली, डबा खाल्ला, नळ समोर होता म्हणून धुतला. संध्याकाळी तू डबा उघडून बघितलास आणि इतकी खूश झालीस की मला त्या दिवशी सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतला.

डबा धुतलेला बघून तू हसलीस, हे मी कोतवालाला सांगू दिलं नव्हतं. ते त्या सव्वीस पानांत नाही. ते फक्त या पत्रात आहे. एवढ्या एका बाबतीत तरी मी त्याच्या पुढे आहे.

माया शिल्लक असेल तर ती पाठव. नसेल तर रागच पाठव, पण पत्रातून.

तुझा
तडतड्या