कोठीतला वजनकाटा

४ एप्रिल

चि. टिल्लूस, अनेक आशीर्वाद.

विमान कंपनीचा संचालक झालास तरी ताईला तू टिल्लूच. मोठ्या कंपनीची नोकरी सोडून मी तुझ्या नऊ आसनांच्या विमानावर आले, तेव्हा लोक म्हणाले, हिचं डोकं फिरलंय. फिरलं असेल, पण तिथे निवृत्तीच्या तोंडावर कॅप्टन झाले असते, इथे पहिल्या दिवसापासून आहे. आई रोज गच्चीत उभी राहून मला हात करते. मला ती दिसत नाही, पण दिसते म्हणून सांगते.

डोंगरावरची आपली धावपट्टी आखूड, टोकाला दरी, आणि उन्हात विमान वर उठायला कुरकुरतं. म्हणून धान्याच्या दुकानातून जुना वजनकाटा आणलाय. प्रत्येकाने बॅगेसकट त्यावर उभं राहायचं, मग कोण पुढे, कोण मागे ते मी ठरवणार. लोक चपला काढतात, पोट आत घेतात, एका बाईंनी तर श्वास रोखून धरला. काल दुपारी दोन गलेलठ्ठ पाहुण्यांना पुढच्या फेरीसाठी थांबवलं. एकाने तुझं नाव घेऊन दम दिला. मी म्हटलं, खुशाल सांगा. तेव्हा तुझ्या कानावर येईलच.

लोभ आहेच, त्याचं वजन करत नाही.

तुझी ताई

९ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आलं कानावर. तू ज्यांना थांबवलंस, त्यांच्याच शब्दावर आपलं दुसरं विमान अडलंय. चारचौघांत त्यांना काट्यावर उभं केलंस, वर आकडा मोठ्याने वाचलास! आपण माणसं नेतो ताई, पोती नाही. काटा कोठीत ठेवून कुलूप लावायला आणि किल्ली इकडे पाठवायला सांगितलंय. यापुढे वजन तोंडी विचारत जा.

आणि पाकिटावर ‘टिल्लू’ लिहू नकोस. शिपाई हसतो.

लोभ वाढवावा, राग थोडा कमी करावा.

तुझा धाकटा

२१ एप्रिल

चि. संचालकसाहेबांस, आशीर्वाद.

विचारलं तोंडी. सगळं गाव एका रात्रीत काटकुळं झालंय. मंगळवारी दुपारी त्या काटकुळ्यांना घेऊन निघाले, तर धावपट्टी संपत आली तरी चाकं जमीन सोडेनात. दरीच्या काठावर कसेबसे सुटलो. मागे कोणाला पत्ताही नव्हता, एक गृहस्थ तर घोरत होते. मी भ्यायले होते, तरी उतरल्यावर सगळ्यांना हसून निरोप दिला.

बुधवारी मी विमान काढलं नाही. काटा बाहेर येईपर्यंत काढणार नाही. उडण्यावाचून मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही आहे, हे तुला माहीत आहे. तेव्हा हे रुसून लिहिलंय असं समजू नकोस.

लोभ ठेव, आणि काटा बाहेर ठेव.

ताई

२८ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

प्रवासी खोळंबले, मी तरी काय करणार? नवा कॅप्टन घेतलाय. हसतमुख आहे, कोणाला नाही म्हणत नाही. तू जरा विश्रांती घे. तू परत अर्ज केलास म्हणून तुझ्या जुन्या कंपनीने माझ्याकडे चौकशी केली. अलीकडे उड्डाणाला घाबरते, असं कळवलं. खोटं कसं लिहू?

राग मानू नये, लोभ कमी करू नये.

तुझा धाकटा

२० मे

चि. टिल्लूस, आशीर्वाद.

जुन्या कंपनीचं उत्तर आलं. घाबरणारी वैमानिक त्यांना नको. आता इथल्या शाळेत सुट्टीतल्या जादा वर्गांना भूगोल शिकवते. तास चालू असताना तुझं विमान डोक्यावरून जातं, मुलं खिडकीकडे धावतात आणि मी फळ्याकडे तोंड करते. चांगले पांग फेडलेस रे.

असो. पत्र आईसाठी लिहितेय. दुसऱ्या विमानाच्या समारंभाला तू तिला बोलावलंस, तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नाहीत. ती आजवर विमानात बसलेली नाही. मी चल म्हटलं की म्हणायची, घाई काय, घरचंच तर आहे! आता नव्या चपला आणून ठेवल्यात. दुपारच्या विमानात तिची जागा धर, खिडकीची.

लोभ तिच्यावर तरी असू दे.

ताई

२४ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आईला बसनेच पाठव. घाटात तिला उलट्या होतात हे माहीत आहे. बरोबर लिंबू दे. सध्या ऊन फार आहे, दुपारी विमान जरा जड उठतं, असं नवा कॅप्टनही म्हणतो. तसं काही होत नाही, रोज भरून जातंय. पण आई आहे, म्हणून.

तिला यातलं काही बोलू नकोस. लोभ असू दे, एवढंच मागतो.

तुझा धाकटा

२८ मे

टिल्लू,

आईला आज बसमध्ये बसवून दिलं. विमानात जागा नाही, असं सांगितलं. ती उलट खूश झाली. म्हणाली, बघ पोराचा धंदा कसा चाललाय, आईलासुद्धा जागा उरत नाही! बस सुटताना वरून तुझं विमान गेलं. तिने खिडकीतून त्याला हात केला.

म्हणजे तुला ठाऊक होतं. मी घाबरते हे तू लिहिलंस, आणि घाबरलेला तू होतास. आज त्या विमानात बसलेली माणसंही कोणाची तरी आहेत. काटा अजून कोठीतच आहे आणि किल्ली तुझ्याकडे.

लोभाचं या खेपेस लिहीत नाही.

ताई