ऋजुताशी बोलण्याआधी

श्रीरंग,

वॉर्डातून बोलावणं आलंय, म्हणून तू डब्लिनहून पोचायच्या आधीच निघते आहे. वरण-भात झाकून ठेवलाय. पण ऋजुताला हाक मारण्याआधी हे वाच.

आज तिचा शाळेचा कोट धुवायला काढला, तर खिशात गांजा भरलेली सिगरेट निघाली. विचारलं तर आधी म्हणाली, "इट्स ग्रँड आई, एव्हरीवन डज इट." मग एकदम रडायलाच लागली. आपण या ट्रली गावात आल्यापासून वर्गात तिला कुणी जवळ केलं नव्हतं. शेवटी शाळेतल्या काही मुलींनी केलं, म्हणून त्यांच्याबरोबर तीही ओढायला लागली. आपल्याला यातलं काहीच कळलं नाही रे.

मी ओरडले नाही. डॉक्टर म्हणून जे खरं आहे तेवढंच सांगितलं. या वयात मेंदू अजून घडत असतो, त्यामुळे लक्ष, आठवण, मनःस्थिती सगळंच बिघडू शकतं. "एकदा ओढलीस की संपलीस," असली भीती घातली नाही. ते तिला खोटं वाटलं असतं आणि मग आपलं पुढचं काहीच तिनं ऐकलं नसतं.

तूही तिची खोली उचकू नकोस. त्या मुलींना नावं ठेवू नकोस. रविवारी त्यांना जेवायलाच बोलावू या, बघू तरी कोण आहेत.

तुला कळणार म्हणून ती फार घाबरली आहे. "बाबा माझ्याशी बोलायचं थांबवेल का?" असं तिनं चक्क मराठीत विचारलं.

तुझ्या वतीनं मी 'नाही' म्हणून टाकलंय.

यामिनी