आईने सही केलेलं प्रूफ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. घरचे फोन तू घेत नाहीस, त्याला कारण मीच. म्हणून चार वर्षांनी कागद घेतला. गावच्या शाळेत गुरुजींनी गिरवून घेतलेलं अक्षर आहे, ओळखशील. दुकान बरं चाललंय. लोकांना हल्ली मोबाइलवरची पत्रिका पुरते, पण हौशी गिऱ्हाईक अजून येतं, कागद बोटांनी चाचपतं आणि मगच बोलतं.

गेल्या आठवड्यात एक काम आलं. गिऱ्हाईक फार चोखंदळ. सोनेरी शाई नको, मी काय नवरी आहे? कोपऱ्यात वेल काढली तर म्हणे, ही सुकलेली भाजी कुठून आणलीत? इतकी वर्षं माझ्या कामात खोट काढणारी दुसरी कोण असणार? तुझी आईच. आणि पत्रिका होती तिच्याच प्रार्थनासभेची. डॉक्टरांनी औषधं थांबवून तिला घरी पाठवलंय. मला रडू फुटलं, तर म्हणते, सगळ्या जगाच्या पत्रिका केल्यात, माझीच तेवढी घाईत कराल आणि चुका ठेवाल.

तीन दिवस तिच्या पलंगावर नमुने पसरून बसलो. खरं सांगतो, हसलोही. शेवटी फिकट निळा कागद, एकच घडी, वेल नाही. प्रूफवर तिने सही केली. गिऱ्हाइकाच्या सहीशिवाय छापायचं नाही, हा नियम तिचाच. तारखेची जागा मोकळी आहे.

तो नियम मी एकदाच मोडला. ताईच्या लग्नाची पत्रिका आईला न दाखवता छापली, कारण त्या पत्रिकेत मी तुझं नाव घातलं नव्हतं. दुकान सोडून तू नोकरी धरलीस, त्याचा राग मी असा काढला. रोज देवासमोर बसतो, पण एवढं सांगायला त्याच्यापुढेही जीभ रेटली नाही. चुकलं माझं.

काल तिने पाकिटांवरचे पत्ते सांगायला घेतले. पहिलं नाव तुझं. मी म्हटलं, अगं, पोटच्या पोराला कसली पत्रिका? म्हणाली, बोलावल्याशिवाय तो यायचा नाही, तुमच्यावरच गेलाय. मी पेन खाली ठेवलं. ते पाकीट माझ्याने लिहवणार नाही, त्याऐवजी हे लिहितोय. ती अजून बोलते, दारात पाऊल वाजलं की मान वळवते. पत्र मिळताच निघ. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

तुझाच,
बाबा