यादीत खोबरेल नाही

८ सप्टेंबर, सोम.
सॉफ्टवेअर चाललं! छप्पन्नाव्या वर्षी, राजारामपुरीतल्या क्लासात, मुलापेक्षा लहान पोरांच्या मागच्या बाकावर बसून शिकलो. पाइपांच्या जोडावरच्या चकतीचं, म्हणजे फ्लँजचं माप, वाफेचा दाब, तापमान, दोन फ्लँजमधली गॅस्केट, बोल्टची जात आणि बोल्टला काय माखलंय, एवढं भरलं की नट किती जोराने आवळायचा तो आकडा देतं. कमी आवळला तर वाफ गळणार, जास्त आवळला तर गॅस्केट चिरडणार नाहीतर बोल्ट कामातून जाणार. आमच्या साखर कारखान्यात इतकी वर्षं हे सगळं मनगटावर चाललं. आज मान जरा ताठ आहे. घरी बायको सुनंदा म्हणाली, "मान नंतर ताठ करा. दिवस मावळायच्या आत जेवून घ्या."
पर्युषण संपलं, आज क्षमावाणीचा दिवस. देवळात सगळ्यांची क्षमा मागितली. उरलेल्यांची फोनवर.

११ सप्टें., गुरु.
क्षमा आठवडाभरही टिकली नाही. दस्तगीरला दुखावलं.
दस्तगीर आमचा हेड फिटर. एकाच साली हेल्पर म्हणून लागलो. मी पुढे डिप्लोमा करून साहेब झालो, तो फिटरच राहिला, पण त्याच्यासारखा हात तालुक्यात नाही. चारचौघांत 'साहेब, तुम्ही', एकटे असलो की 'आण्णा, तू'.
त्याने पान्यावर, जोर वाढावा म्हणून, पाइप घालून आवळलेला एक फ्लँज मी मोजला. बोल्ट किती ताणलाय ते लांबीवरून कळतं. एक नको तितका ताणलेला, शेजारचा जवळजवळ सैल. हे सगळ्या गँगसमोर मोठ्यांदा वाचून दाखवायची काय गरज होती? पण वाचलं. शहाणपणाचा उमाळा आला होता.
द.: "एवढी वर्सं आवळतोय. कदी उडाला का फ्लँज?"
मी: "उडाला नाही, गळला. मग चालू वाफेत आवळायला कोण चढलं होतं?"
उजवा हात पाठीमागे घेऊन निघून गेला. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग आहे त्या हातावर.

१३ सप्टें., शनि.
हा खटाटोप कशासाठी, ते स्वतःसाठीच लिहून ठेवतो. आमच्याकडे रीत अशी की सीझनमध्ये फ्लँज गळला तरी गाळप थांबवायचं नाही. लाईनीत वाफ तशीच, आणि फिटर पाना घेऊन वर. त्यात बोल्ट तुटला तर समोरचा माणूस भाजून निघतो. द. वाचला, हातावर निभावलं. दवाखान्यात मीच नेला, स्कूटरवर, आणि वाटेत तो मला म्हणत होता, "आण्णा, सावकाश घे की."
निवृत्तीआधी एवढं एकच करायचंय. चालू वाफेवर पाना घेऊन कुणी चढता कामा नये.
पण गँग द.चं ऐकते. तो नसेल तर माझं सॉफ्टवेअर म्हणजे बैलाविना गाडी.

२० सप्टें., शनि.
गडमुडशिंगीला त्याच्या घरी गेलतो. (बघा, त्याची बोली माझ्याही तोंडी येते.) शमाभाभींनी चहा दिला आणि मुद्दाम आत गेल्या. चुकलं म्हणालो. तो टीव्हीकडे बघत बसला. मग म्हणाला, "मशीन आकडा सांगणार, आन् मी काय निस्ता हमाल व्हय?"
"आकडा मी काढतो. तो बारा बोल्टांवर सारखा बसवायला तुझ्याशिवाय कोण आहे?"
"लोणी लावू नगंस."
जाताना दारापर्यंत आला. "बगू की," म्हणाला. द.चं 'बगू' म्हणजे इतरांचं अर्धं 'हो'. आनंदात परत येताना तावडे हॉटेलपाशी वळायचंच विसरलो.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
वर्कशॉपात पूजा. पाने, हातोडे, माझा नवा टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना), लॅपटॉपसुद्धा. झेंडूचा हार गळ्यात पडल्यावर लॅपटॉप मोठा बापडा दिसत होता.
आणि मधोमध, लाल फडक्यावर, मुख्य वाफेच्या लाईनचे सगळे नवे बोल्ट. ओळीने मांडलेले, पुसलेले, हळदकुंकू लावलेले, आणि चकचकीत. द.ने भल्या सकाळी येऊन घरच्या खोबरेलाने एकेक बोल्ट माखला होता. आमच्या पूजेत तो पहिल्यापासून असतो, पण हे दरवर्षीचं नव्हतं. "नव्या पद्धतीचं काम हाय, म्हटलं बोल्टाला बी मान देऊ." हे माझ्याकडे न बघता.
मी बोल्टांना हात जोडले. आणि हात जोडतानाच कळलं, हे बोल्ट असे चालायचे नाहीत.
कारण माझा आकडा कोरड्या बोल्टांचा. कोरड्या नटावरचा बराचसा जोर घासण्यातच खर्च होतो. तेल असलं की तोच जोर बोल्टला भलताच ताणणार.

त्याच दिवशी, घरी.
सॉफ्टवेअरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. कोरडा, ग्रीस, तांब्याचं मलम, आणखी कायकाय. खोबरेल नाही! असेल तरी कसं. आणि वाफेच्या तापमानाला खोबरेल टिकणार नाही, जळून नट जाम होतील.
धुवावेच लागणार. गुपचूप धुतले तर त्याला कळणारच नाही, असं सुनंदा म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "पण कळलंच तर पुन्हा घरी जाऊन चहा मिळायचा नाही."

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
सोनं द्यायला गेलो आणि सांगून टाकलं. सगळं. घासणं, ताण, जळणारं तेल.
द. हातातली पानं सारखी करत राहिला. भाभी दारात.
"पूजेचं त्याल थिनरनं धुवायचं?" द.ने विचारलं.
"हो."
"न्हाय धुतलं तर?"
"तर आकडा खोटा. आणि तू त्याच्यासमोर उभा असणार."
त्याने आपट्याची पानं खिशात घातली. "आज कशालाच हात लावू नगंस. आज दसरा हाय. उद्या मी धुतो. दुसऱ्या कुणी न्हाय."
वाईट वाटलं, आणि असा मित्र असल्याचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे या वयात कळतंय.

३ ऑक्टो., शुक्र.
धुतले. एकट्याने. मग वाफेच्या तापाला टिकणारं तांब्याचं मलम, तेही त्यानेच लावलं. मी नवा आकडा काढला. आधीपेक्षा बराच कमी! द.ने आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"एवढाच? माजी बायकू बरणीचं झाकण लावती तेवढं हाय हे."
भाभींना सांगणार आहे.

६ ऑक्टो., सोम.
मुख्य लाईन आवळली. समोरासमोरचे बोल्ट, थोडं थोडं करत, फेऱ्याफेऱ्यांनी. रेंच 'टक्' म्हणाला की थांबायचं. पहिल्या नटाला 'टक्' झालं तरी द.चा खांदा पुढे निघालेला. थांबला. एवढ्या वर्षांची सवय खांद्यातच थांबवणं सोपं नाही, मी पाहिलंय ते. पुढे सरावला. शेवटी गँगमधला एक जण पाइप घेऊन आला, तर द.च त्याच्यावर डाफरला, "ठिव त्यो तिकडं! लग्नातला नाच हाय व्हय ह्यो?"
लांबी मोजली. सगळे बोल्ट सारखे. अक्षरशः सारखे. मी असा रांगोळीसारखा नेटका आकड्यांचा तक्ता कधी पाहिला नव्हता. द.ला दाखवला. "हं," म्हणाला. मग परत मागून घेऊन पुन्हा पाहिला.

१० ऑक्टो., शुक्र.
पाण्याच्या दाबावर चाचणी. फ्लँज कोरडा ठणठणीत. मी त्याच्यावरून हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा. कुणी बघत नव्हतं. बहुतेक.

२९ ऑक्टो., बुध.
आज मोळी टाकायचा, म्हणजे गाळप सुरू करायचा कार्यक्रम. मांडव, पाहुणे, फेटे, गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्या. वाफ पूर्ण दाबाला आली. मुख्य लाईन गप्प. एक थेंब नाही, एक फुसकारा नाही. माझी छाती दोन इंच फुगली, शर्टाचं बटण साक्षी आहे.
आणि तिच्यातून शेजारी फुटलेल्या फाट्याच्या लाईनीवर फुस्स. तो फ्लँज उन्हाळ्यात आवळलेला, सॉफ्टवेअरच्या आधी, हाताने.
एम.डी. साहेब आले. "पाहुणे बसलेत. नेहमीसारखा वरच्यावर घ्या आवळून."
मी तोंड उघडणार, तेवढ्यात द. पुढे झाला.
"न्हाय साहेब."
"म्हणजे?"
"वाफ बंद करा. गार हू दे. मग आकडा काडून आवळतो. तवर कुणी वर चढायचं न्हाय."
"अरे, एवढ्याशा गळतीला? आवळला कुणी होता हा?"
सगळी गँग खाली बघायला लागली. द. नाही.
"म्या. ह्यो माज्या हातचा हाय."
मला काय वाटलं ते लिहायला गेलो तर कागदावर मावायचं नाही. हा माणूस, ज्याला आपल्या हातच्या कामाबद्दल एक शब्द चालत नव्हता.
मी कंट्रोल रूमला वाफ बंद करायला सांगितलं. मोळी उद्यावर गेली. पाहुणे जेवून गेले. एम.डी. साहेब माझ्याशी बोलले नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट.

३० ऑक्टो., गुरु.
रात्रीत लाईन गार झाली. सकाळी नवं गॅस्केट घातलं, आकडा काढला, द.ने आवळला. दुपारी पूर्ण दाब. गप्प. संध्याकाळी मोळी पडली, पाहुणे निम्मेच आले.
निरोप आलाय, उद्या चेअरमनसाहेबांनी बोलावलंय. गाळप का लांबवलं, कुणी लांबवलं. दोघांनाही. मला फार तर चार गोष्टी ऐकवतील. द.ची नोकरीची दोन वर्षं बाकी आहेत, त्याचं काय करतील सांगता येत नाही. सगळं माझ्यावर घेतो म्हणालो.
द. हात धूत होता. म्हणाला, "तू गप् बस, आण्णा. बोलायचं मी. तू फकस्त आकडा सांग."