कॅनडाच्या स्केटिंगची खोली

लाखांदूर, १२ नोव्हेंबर १९८७

आजपासून रोजनिशी. नियमित. माझ्याशिवाय कोणी वाचू नये, विशेषतः बायकोने, मंदाने.

वाचनालयाच्या कमिटीत ठराव पास. दहा जानेवारीला माझं जाहीर व्याख्यान. विषय मीच सुचवला : ‘कॅनडाच्या फिगर स्केटिंगची खोली व भवितव्य’. फेब्रुवारीत कॅलगरीला विंटर ऑलिंपिक आहे, म्हणजे टायमिंग अचूक. विरोध झाला नाही. विषय समजला नाही म्हणून नव्हे, माझा अधिकार सर्वांना मान्य आहे म्हणून. मंदाचा भाऊ इश्वर टोरांटोहून दरवर्षी इंग्रजी मासिकांचा गठ्ठा पाठवतो. कापड दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तीच वाचतो. या विषयावर भंडारा जिल्ह्यात माझ्याएवढा माणूस नसावा. नागपूर धरलं तरी.

मंदाला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, “तुमी बर्फ पाह्यला कुठं? मच्छीवाल्याच्या खोक्यातच ना?”

असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही, असा संकल्प.

२९ नोव्हेंबर

चौकात बोर्ड लागला. पेंटरने ‘स्केटिंग’चं ‘सेटिंग’ केलं. दुरुस्त करून घेतलं.

वाचनालयाचे अध्यक्ष सोमाजी बोर्डापुढे बराच वेळ उभे. मला विचारतात, “खोली म्हनजे किती हात? बर्फाखाली पानी किती रायते तिथं?” मी समजावलं की खोली म्हणजे पहिल्या नंबरच्या खेळाडूमागे दुसरा, तिसरा, दहावा तयार आहे की नाही. ते म्हणाले, “असं होय! म्हनजे पऱ्हा केवढा टाकला, रोवायले रोपं पुरतीन का नाई, ते.”

भाताच्या रोपवाटिकेची खेडवळ उपमा. पण व्याख्यानात वापरता येईल. कोणाची ते सांगायची गरज नाही.

१४ डिसेंबर

इश्वरचं पत्र. बावीसला येतोय, मुलीला घेऊन. रुखमिणी नाव, आजीचं ठेवलेलं. तिकडे मिनी म्हणतात. चौदा वर्षांची. आणि ही मिनी लहानपणापासून स्केटिंग करते!

देव पाठीशी असतो तो असा. व्याख्यानात जिवंत उदाहरण. नागपूरला कापड आणायला गेलो की चाकाचे स्केट्स घेणार. इथे बर्फ नाही, पण राइस मिलचं सिमेंटचं अंगण आहे, उकडा धान वाळवतात ते. तिथेच व्याख्यान ठेवू. शेवटी मिनीचं प्रात्यक्षिक. टाळ्या.

२३ डिसेंबर

मंडळी काल आली. मिनी उंच, गप्प. मराठी समजतं, बोलते थोडं. मला ‘अंकल’ म्हणते. मी लगेच इंग्रजीत स्केटिंगवर सुरुवात केली. ती उठून मंदाकडे चुलीपाशी गेली. लाजाळू.

नंतर इश्वरने मला ओसरीत बाजूला घेतलं. म्हणाला, “भाऊजी, पोरीपाशी स्केटिंगचं नाव नका काढू. सांगतो नंतर सारं.”

नंतर म्हणजे कधी? आपल्या पोरीचं कौतुक स्वतःच्या तोंडाने करणं त्याला अवघड जात असावं. पूर्वीपासून तसाच आहे.

२ जानेवारी १९८८

स्केट्स आणले. मापासाठी मिनीची चप्पल गुपचूप नेली होती. ती सकाळभर चप्पल शोधत होती, हे नंतर कळलं. थोडं वाईट वाटलं. मोठ्या कामात असं होतं.

इश्वरने अजून काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने नको म्हटलं असतं.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

६ जानेवारी

मिनी आता मंदाबरोबर तलावावर जाते, शेणाच्या गोवऱ्या थापते, हसतेसुद्धा. आत्या-भाचीचं जमलं. मी खोलीत आलो की हसणं थांबतं. आदर असावा.

१० जानेवारी, सायंकाळ

लिहावंसं वाटत नाही. पण नियमित लिहायचं ठरलंय.

गर्दी चांगली. मिलचे हमाल, शाळेचे मास्तर, बाया एका बाजूला. पंचफुला चहावाली किटली घेऊन. मी जोरात सुरुवात केली. पुरुषांत कॅनडाला सोनं नक्की, कारण गेल्या वर्षीचा जगज्जेता त्यांचाच. आइस डान्स, विचारात घेऊ नये. मुली? मी म्हणालो, मुलींत खोली नाही. पडल्या की रडतात. भवितव्य अंधारात. पऱ्ह्याची उपमा दिली, हशा आला. सोमाजीही हसले.

मग त्यांनीच विचारलं, “घनश्यामराव, तुमी सोता हा खेळ कधी पाह्यला?”

मी म्हणालो, वाचलाय. मागून कोणीतरी म्हणालं, “म्हनजे नाई पाह्यला.” पुन्हा हशा. हा वेगळा होता.

तेव्हा मी स्केट्स काढले आणि माइकवर सांगितलं की आपल्यात साक्षात कॅनडाची खेळाडू बसली आहे. इश्वर उभा राहून हाताने नाही, नाही करत होता. मला दिसलं. दिसलं नाही असं लिहिणार होतो, पण दिसलं. मिनी हळू आवाजात “प्लीज, अंकल, नको,” म्हणाली. मी माइकवर म्हणालो, “लाजते!” लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या थांबेनात.

ती आली. खाली बसून तिने स्केट्स बांधले. उभी राहिली. अंगणाच्या मध्यापर्यंत गेली, एकदाच, सरळ, हात पसरून. काय सुंदर गेली! मग तिथेच थांबली. खाली बसली, स्केट्स सोडले, जागच्या जागी ठेवले आणि अनवाणी घराकडे चालू लागली. मंदा पाठोपाठ धावली. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आभार प्रदर्शन झालं नाही.

११ जानेवारी

माइक खराब होता. टाळ्या मी वाजवल्या नव्हत्या. इश्वरने आधी नीट सांगायला हवं होतं.

मंदाने आज सांगितलं. भांडी घासताना, माझ्याकडे न बघता. गेल्या हिवाळ्यात तिकडच्या मोठ्या स्पर्धेत पोरगी पडली. उठली, पुन्हा पडली. कोचने दुसऱ्या दिवशी सांगितलं, तुझ्यामागे चौघी उभ्या आहेत, आता जागा त्यांची. त्यानंतर तिने बर्फावर पाय ठेवला नाही. महिनाभर शाळेतही गेली नाही. इथे आणली ती तो विषय कानावर पडू नये म्हणून.

“पूर्ण दुनियेत असं एकच गाव होतं जिथं तिले तो खेळ कोनी विचारला नसता,” मंदा म्हणाली. “तिथं तुमी बोर्ड लावला.”

दुपारी जेवलो नाही. कोणी बोलावलंही नाही.

१२ जानेवारी

आज माफी मागायची. इंग्रजीत वाक्य तयार केलं, आरशापुढे म्हटलं. चांगलं जमलं.

अंगणात पेपर धरून बसलो होतो. मिनी स्वतःहून आली. शेजारी बसली. म्हणाली, “अंकल, तुम्ही ती खोली म्हणाला ना? कॅनडात खूप आहे. मी खोलीतली होते. एक जण वर जायला खाली खूप जण लागतात.”

रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं होतं. मला समजावून सांगत होती, मी सोमाजींना सांगितलं तसं.

माझं वाक्य तोंडापर्यंत आलं. मी म्हणालो, “चहा घेतेस?”

ती म्हणाली, नको, झाला.

१३ जानेवारी

उद्या नक्की.

१४ जानेवारी

संक्रांत. मंदाने तिळगूळ दिला तिला. मीही दिला. गोड बोल म्हणालो. म्हणजे मी तिला म्हणालो! दिवसभर तोंड लपवत फिरलो. माफी उद्या, एस.टी. स्टँडवर. प्रवासाच्या घाईत बोलणं सोपं जातं.

१५ जानेवारी

एस.टी. वेळेवर आली. कधी येत नाही. मिनी मंदाच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्यापुढे उभी राहिली, वाट पाहिल्यासारखी. मी म्हणालो, “खिडकीपाशी बस, उलटी होणार नाही.”

ती बसली खिडकीपाशी. गाडी गेली. इश्वरने हात हलवला, माझ्याकडे नाही.

२१ फेब्रुवारी

रेडिओवर बातमी. पुरुषांत कॅनडाला रौप्य. सोनं हुकलं. थोडक्यात, म्हणे. दुकानात तोंड द्यायची तयारी करून बसलो. उत्तर तयार ठेवलं : शेवटी परीक्षकांची मतं. कोणी विचारलं नाही. सोमाजींनी बनियन घेतली आणि गेले.

२८ फेब्रुवारी

मुलींत कॅनडाला रौप्य. आइस डान्सला आधीच कांस्य मिळालेलं.

मी जे जे अंधारात सांगितलं, ते ते चमकलं. कोणाच्याच लक्षात नाही. गावात फक्त मला माहीत आहे की मी किती चुकलो. मंदाला सांगितलं. ती म्हणाली, “मंग पोरीले फोन करा. हे कायले मले सांगून राहिले?”

बरोबर आहे. उद्या ट्रंक कॉल. लिहून ठेवतो म्हणजे फिरता येणार नाही.

२९ फेब्रुवारी

सकाळी टपाल ऑफिसात कॉल बुक केला. मंदा बरोबर आली, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. दिवसभर बाकावर. ऑपरेटर रत्नाबाई, रांगेत पेन्शनवाले म्हातारे, मनिऑर्डरवाले. ऊन उतरताना घंटी वाजली. टोरांटो. तिकडे सकाळ. मिनीनेच उचलला.

लाइनीत घरघर. मी म्हणालो, “सॉरी.” पलीकडून, “हॅलो?” मी मोठ्याने, “सॉरी!” पुन्हा, “हॅलो? कोण?” मग मी ओरडलो, टपाल ऑफिस दणाणेल असा, “मिनी, मी चुकलो! मले माफ कर!” अख्खी रांग वळून बघायला लागली. एक म्हातारा उभा राहिला. रत्नाबाईंनी शिक्का मारायचा थांबवला. माझे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, पण झालं एकदाचं.

मग मिनी म्हणाली, “ओके, अंकल. आत्या आहे का?”

मंदाने फोन घेतला. कॉल कटेपर्यंत बोलली, खळखळून हसलीसुद्धा. घरी येताना मी वाट पाहिली. ती काही सांगेना. शेवटी तलावाच्या बांधावर विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाली?

“तुमच्याबद्दल?” मंदा आठवत राहिली. “काई नाई. लय थंडी हाय म्हने तिकडं.”